जडत्वाची पेटी

भूमच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या अंबादास मास्तरांना आयुष्यात एकाच शब्दानं छळलं, आणि तो शब्द म्हणजे जडत्व.

मास्तरांचं सगळं शिक्षण हैदराबादला, उर्दूतून झालेलं. तिथं ते 'जमूद' शिकले होते आणि चांगले मार्क मिळवून शिकले होते. पुढं निजाम गेला, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, शाळेतली उर्दू पुस्तकं गेली आणि मराठी पुस्तकं आली. त्या पुस्तकांत जमूद कुठंच नव्हता, त्याच्या जागी हे जडत्व येऊन बसलं होतं. मास्तरांनी कुरकुर न करता नवी व्याख्या पाठ केली. थांबलेली वस्तू आपणहून हलत नाही, चाललेली वस्तू आपणहून थांबत नाही. बाहेरून कुणी जोर लावला तरच तिच्यात बदल होतो. वस्तूच्या या गुणाला जडत्व म्हणतात.

आता यात न कळण्यासारखं काय आहे? पण गावानं त्यातली अर्धीच व्याख्या उचलली, आणि तीही सोयीची. हेडमास्तर मार्तंडराव शाळेच्या शिपायाकडं बोट दाखवून म्हणायला लागले, "या गृहस्थात जडत्व फार आहे." शेजारचे विष्णुपंत पुरणपोळीच्या जेवणानंतर पोटावरून हात फिरवत म्हणायचे, "आज अंगात जडत्व आलं बुवा." घरात तर विचारू नका. मास्तरांच्या पत्नी वनमालाबाई विहिरीवरून दुसरी घागर आणायच्या वेळी नवऱ्याकडं न बघता भिंतीला सांगायच्या, "शाळेत जडत्व शिकवतात म्हणे. घरात शिकवायची गरज पडली नाही."

मास्तर प्रत्येकाला थांबवून समजावून सांगत. जडत्व म्हणजे आळस नव्हे, धावणाऱ्यातही जडत्व असतं.

"धावणाऱ्यात कुठलं आलंय जडत्व?" विष्णुपंत म्हणायचे. "जडत्व असतं तर तो धावला कशाला असता?"

"तो थांबत नाही, हेच त्याचं जडत्व."

"मास्तर, तुम्ही उपास फार करता," असं म्हणून विष्णुपंत विषय मिटवायचे. विष्णुपंत निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होते. मामला मिटवण्यात त्यांची हयात गेली होती.

तर अशा या शब्दाचा धडा तपासायला खुद्द शिक्षण खात्याचे तपासणी साहेब भूमला येणार असं कळलं, तेव्हा मास्तरांनी ती व्याख्या पुन्हा पाठ करायला घेतली. मास्तर हंगामी होते. किती वर्षं हंगामी होते ते सांगून त्यांचा अपमान करण्यात अर्थ नाही. साहेबांची शिफारस झाली तर ते कायम होणार होते, नाही झाली तर दिवाळीनंतर त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी येणार होतं. साहेब दोन गोष्टी पाहणार होते. एक, जडत्वाचा धडा. आणि दुसरी, तो धडा शिकवण्यासाठी सरकारनं दिलेली शास्त्राची पेटी.

पेटी मोठी देखणी होती. नवंकोरं सागवान, कोपऱ्यांना पितळ, वर आरशासारखं सपाट झाकण आणि त्याला भलंमोठं कुलूप. आत छोट्या गाड्या, शिशाचे गोळे, उतरत्या फळ्या असं बरंच काही आहे म्हणत. 'म्हणत' एवढ्याचसाठी, की पेटी बिनकिल्लीची आली होती. शाळेच्या खोलीत उंदीर आणि वर गळकं छप्पर, म्हणून हेडमास्तरांनी ती मास्तरांच्या घरी ठेवायला सांगितली. घर दोन खोल्यांचं. कुणाचा पाय लागणार नाही अशी एकच जागा होती, देवघराचा कोपरा. मास्तरांनी पेटी तिथं ठेवली आणि किल्ली आणायला पहाटेच्या एसटीनं उस्मानाबादला गेले.

उस्मानाबादच्या कचेरीत असं कळलं, की पेटी देणारं टेबल वेगळं आणि किल्ली देणारं टेबल वेगळं. किल्लीच्या टेबलानं विचारलं, पेटी मिळाल्याचा दाखला कुठाय? पेटीच्या टेबलानं सांगितलं, किल्ली मिळाल्याशिवाय पेटी मिळाली असं कसं लिहून देऊ? मास्तर या दोन टेबलांच्या मधे दिवसभर फिरले. शेवटी किल्लीवाल्या कारकुनाला उपासाचा फराळ करायला घरी जायचं होतं, म्हणून त्यानं किल्ली मास्तरांच्या हातात कोंबली आणि खोलीला कुलूप लावलं. त्या दिवशी घटस्थापना होती. मास्तरांना ही गोष्ट ठाऊक होती, पण तिचा आणि पेटीचा काही संबंध असेल असं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

दिवेलागणीला घरी येऊन पाहतात तो पेटीवर घट बसलेला.

खाली पिवळा खण, त्यावर पत्रावळ, पत्रावळीवर शेतातली काळी माती, मातीत पेरलेलं धान, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, वर विड्याची पानं आणि नारळ. शेजारी अखंड दिवा. वरून पहिली माळ सोडलेली. आणि समोर हात जोडून बसलेली मास्तरांची आई.

"बघ कसा शोभतोय," आई म्हणाली. "खाली जमिनीला लई ओल आहे. मुंग्या धान खातात. म्हटलं, एवढं कोरं लाकूड घरात आलंय, कुणाचा खरकटा हात लागलेला न्हाय. देवीनंच धाडलं."

"आई, ती सरकारी पेटी आहे."

"मग? सरकार काय देवीपेक्षा मोठं आहे?"

मास्तरांच्या हातात किल्ली होती. कुलूप समोर होतं. झाकण उघडायचं म्हणजे घट उचलायचा, आणि एकदा बसलेला घट दसऱ्याच्या आत कुणी उचलत नाही. ज्यांच्या घरी घट बसतो त्यांना हे सांगायला नको.

"आई, मधे एकदा उचलून परत—"

"एकदा हलला होता, अंबादास," आई म्हणाली. "काय झालं ते तुला ठाऊक आहे. पुन्हा न्हाय."

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली. रझाकारांच्या धामधुमीत, ऐन नवरात्रात, त्यांच्या आईवडिलांना तुळजापूरचं घर सोडून बार्शीकडं निघावं लागलं होतं. बसलेला घट उचलून आई गाडीत बसली होती आणि वाटेत तो फुटला. दिवाळीच्या आत मास्तरांचे वडील तापानं गेले. मास्तर तेव्हा हैदराबादला होते. घट कसा फुटला, हे त्यांनी आईला कधी विचारलं नव्हतं आणि आईनं सांगितलं नव्हतं. पण तेव्हापासून नवरात्रात ती घटासमोरून फारशी उठत नसे. घरातल्यांनी त्या बाजूनं चालतानाही पाय हलके टाकायचे असा नियम होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळा प्रकार हेडमास्तरांच्या कानावर घातला. मार्तंडरावांनी आधी दार लावून घेतलं.

"सरकारी मालमत्तेवर घट?" ते कुजबुजले. "आपण अर्ज करू."

"कुणाकडं?"

मार्तंडरावांनी पुष्कळ विचार केला. देवीकडं अर्ज करण्याची पद्धत नव्हती आणि साहेबांकडं करण्याची हिंमत नव्हती. "ते काही असो," ते म्हणाले, "साहेब ललितापंचमीच्या दुसऱ्या दिवशी येतील तेव्हा पेटी शाळेत दिसली पाहिजे. मी पेटी दिली, तुम्ही घेतली. पुढचं तुम्ही आणि तुमच्या मातोश्री."

मग बसप्पा सुताराला बोलावून झालं. त्यानं पेटीच्या चारी बाजू निरखल्या, मागची फळी खिळे काढून सोडवता येईल असं सांगितलं आणि अंदाज घ्यायला हातोडीचा एक हलका ठोका दिला. दिव्याची वात थरथरली. आईनं मान वळवून त्याच्याकडं फक्त बघितलं. बसप्पानं हातोडी पिशवीत घातली, घटाला नमस्कार केला आणि "म्या येतो माय," म्हणून उलट्या पावली बाहेर पडला. मजुरीही मागितली नाही.

पुढचे दोन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, साहेबालाच घरी दर्शनाला बोलवा. कुणी म्हणालं, साहेबाची एसटी वाटेत बंद पडावी म्हणून नवस बोला. ज्यांच्या पोरांना मास्तरांनी नापास केलं होतं, ते आवर्जून धीर देऊन गेले. वनमालाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा करून दमल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अहो, पेटीवर घट बसलाय, पण चूल पेटतीच राहिलीय."

शेवटी विष्णुपंत पेशकारांनी मामला हातात घेतला. ओट्यावर बसून त्यांनी घसा साफ केला.

"मास्तर, मुद्दा काय आहे? घट हलता कामा नये. कुठून हलता कामा नये? त्याच्या बैठकीवरून. आता बैठक कोणती? पेटी. पेटी उचलून शाळेत नेली आणि घट पेटीवर होता तिथंच राहिला, तर घट हलला असं कुठला कायदा म्हणेल?"

मास्तर ताडकन उभे राहिले. इतक्या वर्षांत विष्णुपंतांच्या तोंडून शास्त्राला धरून निघालेलं हे पहिलं वाक्य होतं. आगगाडीत बसलेला माणूस डब्याच्या मानानं स्थिरच असतो! फक्त पेटी शाळेत गेली तरी ती उघडायची कशी, हा प्रश्न उरतच होता. पण आधी दिसू तर दे, उघडण्याचं मग बघू, असं मास्तरांनी ठरवलं. बुडणारा माणूस काडीची जाडी मोजत बसत नाही.

आईनं ऐकून घेतलं. संध्याकाळची माळ घातल्यावर म्हणाली, "दसऱ्याला देवी पालखीत बसून निघतेच की. आसनासकट निघते." मग बोट वर करून म्हणाली, "पण नारळ कलता कामा नये. पाण्याचा थेंब सांडता कामा नये. दिवा विझता कामा नये. घट जवभर जरी सरकला ना अंबादास, तर मला पुन्हा आई म्हणून हाक मारू नको."

 नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण हे घडलं तर आई त्यातून उठणार नाही, हे मास्तरांना स्वच्छ दिसलं. मग शास्त्र शिकवणाऱ्या माणसानं जे करायला हवं ते त्यांनी केलं. आधी प्रयोग करून पाहायचं ठरवलं.

बिभीषण नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी गल्लीत आणली. गाडीवर एक पाट, पाटावर काठोकाठ भरलेली कळशी. शेजारी देखरेखीला विष्णुपंत, कारण कल्पना त्यांची होती. आई दारात उभी राहून बघत होती.

"हळू काढ रे," मास्तर म्हणाले.

"हळूच काढतोय की," बिभीषण म्हणाला आणि त्यानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. गाडी निघाली, पाणी मागं उसळलं आणि विष्णुपंतांच्या धोतरावर आलं.

"थांबव!"

बिभीषणानं कासरा ओढला. गाडी थांबली, पाणी पुढं उसळलं, आणि विष्णुपंत घाबरून पुढं सरकले होते म्हणून तेही त्यांच्याच अंगावर आलं. गल्ली हसली. विष्णुपंत धोतर पिळत म्हणाले, "यात माझी काय गुस्ताखी झाली?"

"गुस्ताखी कुणाचीच नाही," मास्तर उत्साहानं म्हणाले. भिजलेला का होईना, त्यांना ऐकणारा मिळाला होता. "गाडी थांबली, पण पाणी चालत होतं ना? ते कसं थांबेल? ते आपलं पुढं गेलं. हेच जडत्व!"

"अस्सं," विष्णुपंत म्हणाले. "म्हणजे जडत्व भिजवतं."

दारातून आईनं विचारलं, "कळशीला कुणी धक्का दिला न्हाय, तरी पाणी पुढं गेलं?"

"कुणी धक्का दिला नाही म्हणूनच गेलं. थांबली ती गाडी. पाण्याला कुणी थांबवलंच नाही."

 गल्लीच्या धुळीत सांडलेल्या पाण्याकडं आई बराच वेळ बघत राहिली आणि आत गेली.

गाडीचा बेत बारगळला. खांद्यावरून न्यायचं ठरलं. पेटीच्या दोन अंगांना लांब बांबू बांधले, वरच्या वर्गातली धट्टीकट्टी पोरं निवडली, पावलं एका ठेक्यात कशी टाकायची याची मास्तरांनी त्यांच्याकडून तालीम करून घेतली. घाईनं निघायचं नाही, मधे थांबायचं नाही, आवाज करायचा नाही. ज्या दिवशी साहेब येणार, त्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर पेटी उचलली गेली. नारळ हलला नाही. वनमालाबाईंनी अखंड दिवा कंदिलाच्या काचेत धरला. आई पेटीला लागून अनवाणी चालू लागली. मास्तर पुढं, श्वास रोखून.

गल्लीच्या तोंडापर्यंत सगळं शास्त्राप्रमाणं झालं.

पण तो भूमचा बाजाराचा दिवस होता. नवरात्रात, खांद्यावरून, खणावर बसलेला घट रस्त्यानं निघालाय, हे दृश्य बाजारानं बघितलं आणि बाजार उठून उभा राहिला. कुठली देवी, कुठं चालली, असलं काही कुणी विचारलं नाही. दगडोबा गोंधळी मिरच्या घ्यायला आला होता, त्यानं संबळ काढला. आराधी बायका जोगव्याला निघाल्या होत्या, त्यांनी गाणं धरलं. बानूबाई भाजीवालीनं पाटीतली होती नव्हती ती झेंडूची फुलं उधळली. "आई राजा उदो उदो" असा गजर उठला.

"शाळेकडं जायचंय, शाळेकडं!" मास्तर ओरडत होते.

"व्हय व्हय, शाळंवरनंच जाऊ," मागून कुणीतरी म्हणालं.

आणि खरोखरच सगळे शाळेवरूनच गेले. शाळेचं फाटक आलं, मास्तर वळले, पण मागच्या माणसांना पुढच्यांचं वळणं दिसलं नाही आणि पुढच्यांना मागच्यांनी वळू दिलं नाही. थांबलं तर धक्का बसणार, धक्का बसला तर घट सरकणार. पोरांनी डोळ्यांनीच विचारलं, काय करू? मास्तर उलटे धावत येऊन म्हणाले, "चला, चालत राहा!" व्याख्येचा दुसरा भाग इतके दिवस कुणाला पटत नव्हता, तो आता सगळा गाव मिळून त्यांना शिकवत होता.

शाळेच्या ओसरीत खुर्चीवर तपासणी साहेब बसले होते. पुण्याकडचे, काळी टोपी, पायात बूट, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. त्यांच्यासमोरून पितळी कोपऱ्यांची सरकारी पेटी वाजतगाजत निघून गेली.

"हेडमास्तर, ती आपली शास्त्राची पेटी का?"

मार्तंडराव म्हणाले, "आहे... म्हणजे... येतेय साहेब."

"येत नाही, जात आहे," साहेब म्हणाले आणि उठून पेटीच्या मागं निघाले. गर्दीत शिरून ते पेटीपर्यंत पोचले, कुलपाजवळचा खात्याचा नंबर वाचायला वाकले, तेवढ्यात एका पोराचा खांदा भरून आला. आमच्याकडं अशा वेळी जवळ येईल त्याला खांदा देतात. तो कोण, कुठला, हे बघायची रीत नाही. "घ्या काका," असं म्हणून पोरानं बांबू साहेबांच्या खांद्यावर ठेवला.

"अहो, मी—"

"बूट काढा!" चार-पाच बायका एकदम ओरडल्या.

साहेबांनी चालता चालता बूट काढले. खांदा सोडला तर पेटी कलणार होती, आणि एवढं त्यांनाही कळत होतं. वेशीबाहेरच्या देवळापर्यंत, देवळाला एक प्रदक्षिणा आणि परत, साहेबांनी पेटी वाहिली. कपाळावर कुणीतरी मळवट भरला. मास्तर शेजारी चालत होते. आपण कायम होण्याऐवजी कायमचे जाणार, याबद्दल त्यांना आता शंका उरली नव्हती.

परतीच्या वाटेवर शाळा जवळ आली, तरी गजर काही थांबेना. तेव्हा मार्तंडरावांनी नोकरीतलं एकमेव शहाणपण केलं. त्यांनी शाळेची घंटा बडवली. खांदा देणारी पोरं सवयीनं फाटकात वळली आणि थेट वर्गात गेली. मागचा लोंढा फाटकावरून तसाच पुढं बाजारात निघून गेला, देवी कुठं गेली याचा शोध घेत.

पेटी वर्गात टेकली. मास्तर धावत गेले. नारळ सरळ होता. पाण्याचा थेंब सांडला नव्हता. धानाचे पिवळे कोंब तसेच उभे होते. वनमालाबाईंच्या हातातला दिवा जळत होता. आई घटासमोर बसली आणि तिनं डोळे मिटले.

साहेब अनवाणी, मळवट भरलेल्या कपाळानं खुर्चीवर बसले. खांदा चोळत म्हणाले, "आता पेटी उघडा."

 मास्तरांनी खिशातून किल्ली काढली. कुलपाकडं बघितलं, आईच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघितलं आणि किल्ली साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"साहेब, पेटी उघडता येणार नाही."

"कारण?"

"थांबलेली वस्तू बाहेरून जोर लावल्याशिवाय हलत नाही," मास्तर म्हणाले.  "तो जोर मी लावणार नाही. माझी नोकरी गेली तरी."

 साहेबांनी किल्ली उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा ठेवली.

"पाठ घ्या," ते म्हणाले.

मास्तरांनी पाठ घेतला. शिशाचे गोळे नाहीत, गाड्या नाहीत, फळ्या नाहीत. पोरांना त्यांनी एवढंच विचारलं, की निघताना जड किती लागलं? थांबताना जड किती लागलं? घंटा झाली तेव्हा खांद्याला काय झालं? सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. ज्याला त्याला खांद्यानं शिकलेलं सांगायचं होतं. साहेब मधेच म्हणाले, "थांबताना जास्त," आणि मग आपण वर्गात बोललो हे ध्यानात येऊन खोकले.

जाताना त्यांनी शेरा लिहिला आणि मार्तंडरावांच्या हातात दिला. मार्तंडरावांनी तो दोनदा वाचला तरी विश्वास बसला नाही. 'पेटी सुस्थितीत आढळली. वापरात आहे. शिक्षक कायम करण्यास योग्य.'

"वापरात, साहेब?"

"या दौऱ्यात मी बऱ्याच पेट्या पाहिल्या," साहेब बूट शोधत म्हणाले. "सगळ्या कुलूपबंद. एकीची किल्ली नाही, एकीत उंदरांनी घर केलेलं, एकीवर चहाचे कप. पोरांनी हात लावलेली पेटी ही पहिलीच." बूट काही सापडले नाहीत. साहेब मार्तंडरावांच्या वहाणा घालून गेले.

संध्याकाळी पेटी त्याच बांबूंवरून, या वेळी आडवाटेनं, घरी आली आणि कोपऱ्यात बसली. विष्णुपंत येऊन अभिनंदन करून गेले. "कल्पना माझी होती," एवढंच सारखं म्हणत होते. वनमालाबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली. मास्तर कायम झाले म्हणून तिच्यात शेंगदाणे जरा जास्त होते.

आई मात्र घटासमोर बसून होती. खायला उठली नाही. मास्तर ताट घेऊन जवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "बस."

मास्तर बसले.

"त्या दिवशी बिभीषणाची गाडी थांबली. पाणी पुढं गेलं. तू म्हणालास, कुणाची चूक न्हाय."

"नाहीच."

"करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यावर रझाकारांनी बैलांची वेसण धरली, अंबादास. पळत येऊन, एकदम. गाडी जागच्या जागी उभी राहिली. घट माझ्या मांडीवर होता. दोन्ही हातांनी धरला होता रे मी, असा. तो माझ्या हातातून पुढं गेला आणि समोरच्या फळीवर फुटला." आईनं आपले दोन्ही तळवे पुढं धरले होते, अजून त्यात काहीतरी असल्यासारखे. "तुझे वडील मला एका शब्दानं बोलले न्हाईत. ते गेले, तरी मला वाटायचं, माझीच पकड सुटली. माझ्या हातानं हलला. म्हणून ते गेले."

मास्तरांना व्याख्या पाठ होती. उर्दूतून होती, मराठीतून होती. त्या क्षणी त्यांना त्यातलं एकही अक्षर आठवेना.

"आई," ते म्हणाले, "गाडी थांबली. घट चालत होता. हातांनी थांबला नसता. कुणाच्याच हातांनी थांबला नसता."

"पैलवानाच्या?"

"कुणाच्याच नाही."

"म्हणजे माझ्या हातून न्हाय?"

"न्हाय, आई. तुझ्या हातून न्हाय."

आईनं पुढं धरलेले हात हळूहळू खाली घेतले. पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. वडील गेले तेव्हा ती रडली नव्हती, असं नातेवाईक अजून सांगत असत. आता ती मोठ्यानं, अंग गदगदून, सुनेसमोर, लेकासमोर रडत होती. वनमालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी मान हलवली, आणि दोघांपैकी कुणीही तिला थांबवलं नाही.